पुन्हा उगवतं म्हणून फुकट नाही!



गिरगावात किंवा लालबागला सकाळी एखाद्या जुन्या बेकरीवरून गेलात, तर दोन वास येतात. एक गरम पावाचा. त्यानं पावलं थबकतात. दुसरा जळक्या लाकडाचा. तो थेट घशाशी येतो! बऱ्याच भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं, मोडक्या खोक्यांचं लाकूड जळतं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशा बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, ते या धुरापायीच.

तुमच्यातला एखादा चौकस वीर लगेच म्हणेल, "कोळसा, पेट्रोल संपतं, लाकूड तर पुन्हा उगवतं! भराभर वाढणारी झाडं लावू. धूर नको असेल तर लाकडापासून इथेनॉल करू. झाड वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, जळताना तेवढाच परत देतं. हिशेब चुकता!"

शाब्बास! पुष्कळ मोठी माणसंही असंच म्हणत होती. पण या हिशेबात काही रकमा मांडायच्याच राहून गेल्या.

पहिली रक्कम हवेची. निलगिरी, पॉप्लर, विलो ही भराभर वाढणारी झाडं पानांतून आयसोप्रीन नावाचा वायू पुष्कळ सोडतात. उन्हाच्या तडाख्यात तो पानांना सांभाळतो. पण गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कडक ऊन यांच्याशी त्याची गाठ पडली, की ओझोन तयार होतो. उंच आकाशातला ओझोन म्हणजे आपली छत्री. जमिनीलगतचा ओझोन मात्र छातीत जाऊन दमा वाढवतो, पिकंही कमी करतो. युरोपात इंधनासाठी अशी झाडं मोठ्या प्रमाणावर लावली तर हे कसं घडेल, ते इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये गणित मांडून दाखवलं.

दुसरी रक्कम पाण्याची आणि जागेची. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणात महाराष्ट्रात निलगिरी आणि सुबाभूळ लावली गेली. सरपण मिळालं, खांब मिळाले. पण निलगिरी जमिनीतलं पाणी भराभर ओढते. सुबाभळीच्या बिया इतक्या पसरतात, की जगातल्या १०० उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे! मुंबईत रेल्वेरुळांलगत तिच्या चपट्या तपकिरी शेंगांचे झुपके तुम्ही नक्की पाहिले असतील.

मग काय, झाडं वाईट? छे, छे! परळच्या भर दुपारी सावलीची किंमत बस-स्टॉपवर उभं राहणाऱ्याला विचारा. फक्त 'झाड' म्हटलं की हिशेब संपला, असं समजू नका. कोणतं झाड, कुठे, कशासाठी आणि कुणाच्या पाण्यावर, हे चार प्रश्न आधी विचारा.

या आठवड्याचा उद्योग: आई-बाबांबरोबर पाव आणायला जाल, तेव्हा बेकरीवाल्या काकांना विचारा, भट्टीत काय जळतं? लाकूड असेल तर कुठून येतं? भट्टी बदलायला खर्च किती? दिवसभर त्या धगीपुढे उभे राहणारे कामगारच सगळ्यात जास्त धूर गिळतात. त्यांचं म्हणणं जरूर ऐका आणि वहीत लिहून ठेवा.