चित्रातले गाव आणि नदीकाठचे गाव

इंग्लंडच्या सफोक परगण्यात, स्टूर नदीकाठी, फ्लॅटफर्डला आम्ही उभे होतो. जॉन कॉन्स्टेबलच्या ‘द हे वेन’ (१८२१) मधील विली लॉटचे घर समोर होते. आमची नजर मात्र पाण्यातली ती रिकामी गवतगाडी शोधत होती. वास्तविक हे चित्र त्याने लंडनमध्ये, जुन्या रेखाटनांवरून रंगवले. १८२२ मध्ये याच प्रदेशात बेकारीने गांजलेले शेतमजूर मळणीयंत्रे फोडत होते. चित्रात त्यांची चाहूलही नाही. आहे ते इथल्या गिरणीमालकाच्या मुलाचे स्मरणातले बालपण. त्यामुळे चित्र खोटे ठरत नाही. परंतु स्मरणाला पुरावा मानण्याची चूक आपली. साहित्यातले खेडे शिकवतानाही हे भान सुटू नये, असे आम्हांस वाटते.