देखावा आणि ताट
(द्वितीय वर्ष, कला)

हॉटेलात जेवायला जाणारा माणूस नेमके कशाचे पैसे देतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यात तो आता अनेकांच्या पोटापाण्याशी येऊन भिडला आहे. १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. २०२१ साली चिपीला विमानतळ सुरू झाला. किनाऱ्यावर काचेच्या भिंतींची उंची हॉटेले उभी राहिली. पाहुण्याने समुद्र पाहत मासे खावेत, ही त्यामागची कल्पना. कल्पना उत्तमच आहे. माझी तक्रार एवढीच, की खिडकीतला समुद्र खरा असतो आणि ताटातल्या समुद्राविषयी मात्र खरे सांगितले जात नाही.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. २०२५च्या जुलैत माझ्या थोरल्या बहिणीला पहिला पगार मिळाला. आमच्या घरात पगार म्हणून आलेला हा पहिलाच पैसा. तिने आम्हां सर्वांना मालवणजवळच्या अशाच एका हॉटेलात जेवायला नेले. बाबांचा जन्म होडीवर गेला. पण काचेआड बसून समुद्र बघण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की किल्ला दिसेना, पाणीही दिसेना. तरीही खिडकीजवळच्या टेबलाचा मान मोठा, असे आम्हांला सांगण्यात आले.

यादीत सुरमई होती, पापलेट होते, सरंगा होता. प्रत्येकापुढे ‘ताजा’ असे छापलेले. सुरमई आली. ताज्या सुरमईच्या पाकळ्या सुटतात. हिचा भुगा होत होता. सोलकढीला रंग होता, आमसुलाचा आंबटपणा नव्हता. बाबांनी वाढणाऱ्या मुलाला हळूच विचारले, “ह्यो मासो कधीचो रे?” तो म्हणाला, “एकदम फ्रेश है, सर.” थोड्या वेळाने पाणी द्यायला आला तेव्हा वाकून म्हणाला, “काका, बर्फातलो असा. आता ताजो खंय गावतलो?” मुलगा आपल्यापैकीच होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही; त्याने आधी नोकरी सांभाळली आणि मग माणुसकी. बिल ताईच्या पगाराचा सातवा हिस्सा झाले. आईने एवढेच म्हटले, “जागा बरी हा.”

आता कोणी म्हणेल, बर्फातला मासा खाल्ला म्हणून काय बिघडले? काहीच नाही. परंतु त्यावर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी होती. माशांच्या विणीचा हा काळ. शिवाय समुद्र खवळलेला. या दिवसांत किनाऱ्यावरच्या होड्या झापांनी शाकारलेल्या असतात आणि घरात येणारा पैसा थांबलेला असतो. पुढच्या हंगामाला मासा उरावा म्हणून कोळी-गाबीत बांधव हे सोसतात. त्याच किनाऱ्यावर जुलैत ‘ताजी सुरमई’ छापणारी यादी त्यांच्या सोसण्याची थट्टा करते. बारा महिने सुरमई मिळते असे पाहुण्याला एकदा पटले, की तो बारा महिने तीच मागणार, आणि ती मागणी शेवटी समुद्रावरच जाऊन पडणार.

पाहुणा दोन दिवसांसाठी येतो, त्याला हवे ते द्यावे लागते, असे हॉटेलवाल्यांचे म्हणणे असते. ते अगदीच खोटे नाही. या धंद्यावर आपली अनेक मुले आज पोट भरत आहेत. पण पाहुण्याला काय हवे असावे, हे ठरवताना आपण आपलेच ताट का लपवतो? आषाढ-श्रावणात आपल्या घरी सुक्या बांगड्याची किसमूर होते, गोलम्याची चटणी होते, कुळथाची पिठी आणि टाकळ्याची भाजी होते. पावसाचे दिवस काढण्यासाठी आपल्या आया-आज्यांनी उन्हाळ्यात केलेली ही तजवीज आहे. त्या यादीत यांतले एकही नाव नव्हते. गरिबाचे खाणे काचेच्या भिंतीला शोभत नाही, असा हा हिशेब दिसतो. मला तो अपमान वाटतो. फसलेल्या सुरमईपेक्षा मोठा.

उलट, बाजारातल्या साध्या खानावळीत मालकीणबाई दारातच सांगतात, “आज सुरमई नाय, बांगडो असा.” बसायचे तर बसा. तिथे देखावा नसतो, पण शब्द खरा असतो.

उंची हॉटेले बंद व्हावीत, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी देखाव्याचे पैसे खुशाल घ्यावेत. फक्त मासा बर्फातला असेल तर तसे लिहावे आणि बंदीच्या दिवसांत यादी पावसाळ्याची ठेवावी. आपल्यापैकी कित्येकजण उद्या याच धंद्यात जातील. कोणी वाढील, कोणी हिशेब लिहील, एखादा मालकही होईल. त्या वाढणाऱ्या मुलाला जे वाकून, हळू आवाजात सांगावे लागले, ते ताठ उभे राहून सांगता येईल, अशी हॉटेले आपण चालवली पाहिजेत.