फ्रीहोल्डर म्हणजे काय हो?

पुण्यातल्या आमच्या धाकट्या दिरांना एक छंद आहे. रस्त्यात माइक घेऊन उभा असलेला कुणीतरी पोरगा येणाऱ्याजाणाऱ्या अमेरिकन माणसांना नकाशावर इराण दाखवायला सांगतो, ती ऑस्ट्रेलियावर बोट ठेवतात. असे व्हिडिओ ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, ‘वहिनी, बघा तुमची अमेरिका!’ मला या देशाचं नागरिकत्व घेऊन वीस वर्षं होत आली, त्यामुळे थोडं लागतंच. मागच्या डिसेंबरात मी चिडून विचारलं, ‘भाऊजी, तुमचा नगरसेवक कोण ते सांगा आधी.’ उत्तर आलं, ‘सध्या कुणीच नाही.’ ते खरंच होतं. पुणे महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होते. माझा बार फुसका गेला.

व्हिडिओ बनवणारा बरोबर उत्तरं देणाऱ्यांना कापून टाकतो, हे भाऊजींनाही कळतं. पण त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकन माणूस खरंच मठ्ठ होत चाललाय का? मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहते. शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते, निवडणुकीच्या दिवशी पहाटे अंधारात उठून मतदान केंद्रावर टेबल मांडून बसते आणि रविवारी वाचनालयाच्या एका खोलीत नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेते. या तीन खोल्यांमधून जे दिसतं तेवढंच सांगते.

रविवारपासून सुरुवात करते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ही परीक्षा अवघड झाली. आधी शंभर प्रश्नांच्या यादीतले दहा विचारायचे, सहा आले की पास. आता यादी १२८ ची, विचारतात वीस, बारा यावे लागतात. माझ्या वर्गात एक गुजराती मासी आहेत, अर्ज त्याआधीचा म्हणून त्यांना जुनीच यादी. वय एकसष्ट, भावाने बोलावून घेतलं म्हणून आलेल्या, किराणा दुकानात भाज्या निवडून पाकिटं भरतात. पंचावन्नच्या पुढचं वय आणि ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं पूर्ण, म्हणून त्यांना परीक्षा गुजरातीत देता येते. ‘फेडरॅलिस्ट पेपर्स’ कुणी लिहिले, असं विचारायचा अवकाश, मासी डोळे मिटून ‘मॅडिसन, हॅमिल्टन, जे’ म्हणतात, अडीचकी म्हणावी तसं. राज्यघटनेला दुरुस्त्या किती? सत्तावीस. घास गिळायच्या आत.

याच जुन्या यादीतले प्रश्न २०१८ मध्ये एका प्रतिष्ठानाने अमेरिकी नागरिकांना विचारले, तेही पर्याय देऊन. पास होण्याइतके गुण फक्त ३६ टक्क्यांना मिळाले. पुढच्या वर्षी राज्यवार पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त लोक पास झाले असं एकच राज्य निघालं, व्हरमाँट. भाऊजींना हे कळलं तर ग्रुपवर दिवाळी होईल. पण मासी चार महिने घोकतात आणि त्या लोकांना कुणीतरी तयारीशिवाय अचानक विचारलेलं असतं. मला उद्या कुणी असंच गाठून नववीचं नागरिकशास्त्र विचारलं तर माझं काय होईल, याची मला पूर्ण कल्पना आहे.

आणि हे अज्ञान काही आत्ताचं नाही. डेली कार्पिनी आणि कीटर या दोन अभ्यासकांनी १९९६ च्या त्यांच्या पुस्तकात १९४० च्या दशकापासूनच्या पाहण्या ताडून बघितल्या. १९४० मध्ये हायस्कूल पूर्ण केलेले प्रौढ जेमतेम एक चतुर्थांश होते, पुढे शिक्षण केवढं तरी पसरलं, पण राजकारणाची माहिती होती तिथेच राहिली. आता माझीच गोष्ट. न्यू जर्सीत काउंटीचा कारभार बघणाऱ्यांना वसाहतकाळापासून ‘फ्रीहोल्डर’ म्हणत. नागरिक झाल्यापासून मी इमानेइतबारे फ्रीहोल्डर निवडून देत होते. केंद्रावर एका बाईंनी मला विचारलं, ‘हे फ्रीहोल्डर म्हणजे काय हो?’ आणि मी, अधिकृत बिल्ला लावलेली, गप्प. काउंटीचे रस्ते, बागा, तुरुंग यांचा पैसा या मंडळींच्या हातात असतो, हे मी घरी जाऊन वाचलं. १ जानेवारी २०२१ पासून त्यांचं नाव ‘कमिशनर’ झालं. म्हणजे मला शब्द कळला आणि मग तो गेला.

बुद्धीबद्दल थोडक्यात. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचा बुद्ध्यंक दर दशकाला साधारण तीन गुणांनी वाढत होता. २०२३ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या संशोधकांनी जवळजवळ चार लाख लोकांच्या ऑनलाइन चाचण्या तपासल्या. २००६ ते २०१८ मध्ये शब्दांचे, आकृतिबंधांचे, अंकमालिकांचे गुण घसरलेले दिसले, पण वस्तू मनातल्या मनात फिरवून बघण्याचे वाढलेले. लोक निर्बुद्ध होताहेत असा अर्थ काढू नका, असं त्या संशोधकांनीच सांगितलं. तरी मथळे तेच आले.

मला घोर लागतो तो वाचनाचा. बारावीच्या मुलांची वाचनाची जी राष्ट्रीय चाचणी १९९२ पासून घेतात, तिचे २०२४ चे गुण आजवरचे नीचांकी आहेत. ३२ टक्के मुलं अगदी पायाभूत पातळीलाही पोचली नाहीत. कोविडवर खापर फोडून सुटता येत नाही, कारण मागच्या बाकांवरच्या मुलांची घसरण २०१३ च्या आसपासच सुरू झालेली दिसते. पुढच्या बाकांवरची मुलं मात्र फारशी हललेली नाहीत. ‘अमेरिकन’ असं एक सरसकट डोकं नाहीच मुळी, दोन टोकं एकमेकांपासून लांब सरकताहेत. प्रौढांचंही तेच. २०१७ मध्ये वाचनाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर १९ टक्के होते, २०२३ मध्ये २८.

वर्गात हे कसं दिसतं? बाईंनी ठेवलेल्या कागदावर एक उतारा असतो, पानभर, खाली चार प्रश्न. कधी कादंबरीतला, कधी भाषणातला. मागचंपुढचं काही नाही. सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं, ‘मिस, या मुलीचं पुढे काय झालं?’ मी म्हटलं, पुस्तक वाच. तो म्हणाला, ‘याचं पुस्तक आहे?’ २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला, शाळांची पत वाचन-गणिताच्या चाचण्यांवर ठरू लागली, तसे बऱ्याच ठिकाणी इतिहास-नागरिकशास्त्राचे तास आकसले आणि उतारे वाढले. ज्या मुलाला पुढे काय झालं हे विचारावंसं वाटतं तो मठ्ठ नाही. त्याच्या हातात आपण पुस्तकाची फोड दिली, पुस्तक दिलंच नाही.

आता एक उलटा आकडा. अॅननबर्ग केंद्र दरवर्षी लोकांना सरकारच्या तीन शाखा विचारतं. तिन्ही सांगता येणारे २०१७ मध्ये २६ टक्के होते, २०२५ मध्ये ७०. कोर्ट, काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांची भांडणं रोज टीव्हीवर चालू असतील तर पात्रांची नावं पाठ होणारच. पण म्हणून काही इथले वाद शहाणे झालेत, असं मला केंद्रावरच्या रांगेत तरी जाणवलेलं नाही.

माहिती वाढूनही असं का, याचं उत्तर मला येलच्या डॅन कहान यांच्या २०१३ च्या प्रयोगात सापडलं. हजारावर माणसांना एक छोटा तक्ता दिला. काहींना सांगितलं, हा पुरळावरच्या मलमाचा आहे, किती जणांचं पुरळ बरं झालं आणि किती जणांचं वाढलं. नुसते मोठे आकडे बघितले तर फसगत होते, प्रमाण काढावं लागतं. ज्यांचं गणित चांगलं त्यांना ते जमलं. दुसऱ्यांना तेच आकडे दिले, पण वर लिहिलं की हा पिस्तूल बाळगण्यावरच्या बंदीचा आणि गुन्ह्यांचा तक्ता आहे. आता गणितात हुशार असलेल्यांनी निष्कर्ष आपल्या पक्षाला सोयीचा असेल तेव्हाच प्रमाण काढलं. गैरसोयीचा असेल तेव्हा पहिल्या नजरेचं चुकीचं उत्तर आनंदाने पत्करलं. कच्च्या गणितवाल्यांपेक्षा हुशार माणसांतच दोन पक्षांचं अंतर जास्त पडलं. हे वाचल्यापासून मी ‘लोक मूर्ख आहेत’ म्हणणाऱ्या हुशार माणसांकडे जरा सावधपणे बघते. त्यात आमचे भाऊजी आले, आणि मी जेवायला बोलावते ते बरेच डॉक्टर-इंजिनिअर आले.

माझ्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहतात, जन्म इथलाच. सरन्यायाधीशांचं नाव त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. पण पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या टाउनशिपने सांडपाण्याचा कारभार खासगी कंपनीकडे द्यायचा घाट घातला, तेव्हा हे गृहस्थ वर्तमानपत्रातली कात्रणं घेऊन कौन्सिलच्या बैठकीत उभे राहिले आणि दर कसे वाढतील ते पैशापैशाने मांडलं. आता तेच गृहस्थ कुंपणाशी भेटले की अडीच हजार किलोमीटरहून लांबच्या मेक्सिकोच्या सीमेबद्दल तावातावाने बोलतात. कौन्सिलमध्ये सध्या कोण आहे, ते त्यांना सांगता येत नाही. डोकं तेच आहे. कात्रणं काढायला पेपर नाही.

आमच्या राज्यातल्या ‘स्टार-लेजर’चा छापील अंक २ फेब्रुवारी २०२५ ला संपला, आता तो पडद्यावर उरलाय. त्याच्या आदल्या दिवशी १८६७ पासून निघणारा ‘जर्सी जर्नल’ कायमचा बंद झाला. देशभरात गेल्या वीस वर्षांत एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं गेली. याने काय होतं, ते २००७ च्या शेवटच्या दिवशी ‘सिनसिनाटी पोस्ट’ बंद पडला तेव्हा मोजलं गेलं. तो जिथे वाचला जाई त्या केंटकीतल्या गावांत निवडणुकीला उभे राहणारे घटले, मत देणारे घटले आणि खुर्चीवर बसलेले तिथेच बसण्याची शक्यता वाढली. म्हणून मला बुद्ध्यंकाच्या चर्चेपेक्षा गावच्या पेपराची जास्त काळजी वाटते. न्यायाधीशांची नावं माहीत नसलेल्या माणसालाही सांडपाण्याचा दर कळवणारी ती एक सोय होती, आणि तिच्या जागी अजून काही आलेलं नाही.

मासी पास झाल्या. शपथ घेऊन आल्या त्या पेढे घेऊनच. मग निवडणुकीआधी टपालाने नमुना मतपत्रिका आली, ती घेऊन वाचनालयात आल्या. राज्यपालपदाचे उमेदवार त्यांना ठाऊक होते. खाली शाळामंडळाची नावं होती, त्यांतून तिघांना निवडायचं. इथे पक्षाचं चिन्हही नसतं. ‘आमांथी कोण सारू?’ मासींनी विचारलं. मला माहीत नव्हतं. आम्ही दोघी संगणकासमोर बसलो आणि एकेक नाव टाकत गेलो. एकीने दोन वर्षांपूर्वी घर विकायला काढलं होतं. एका गृहस्थांचा कुत्र्याबरोबर समुद्रकिनाऱ्यावर फोटो होता, कुत्रा छान होता. बाकीच्यांचं काहीच सापडलं नाही. मासींनी पर्समधून पेन काढलं, कुत्रेवाल्यांच्या नावापुढे बारीकशी खूण केली आणि म्हणाल्या, ‘बीजा बे?’