नव्या डॉक्टरांना शिकविणार कोण?

वैद्यकाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली की डॉक्टर तयार झाला, असा एक सोयीस्कर समज आपल्या समाजात रूढ आहे. साडेचार वर्षे अभ्यास करून जो तरुण किंवा तरुणी वॉर्डात पाऊल टाकते, तिच्यापाशी ज्ञान असते. परंतु समोरचा रोगी तासाभरात खालावेल की सावरेल, वरिष्ठांना रात्री दोन वाजता उठवावे की सकाळची वाट पाहावी, हा विवेक पुस्तकातून येत नाही. तो रोग्याच्या उशाशी, जाणत्याच्या नजरेखाली कमवावा लागतो. बारा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची केली आहे ती याचसाठी. हे वर्ष खरोखर शिक्षणाचे होते काय, हा प्रश्न ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनी विचारण्याची वेळ आली आहे.

कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे ज्यांचे निभत नाही, असे रोगी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात अथवा थेट मुंबईस पाठविले जातात. कळव्याचे हे रुग्णालय ठाणे महापालिकेचे असून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे २४ तासांत १८ रोगी दगावले. त्यांतील अनेकांना अत्यवस्थ स्थितीत आणले होते, असे प्रशासनाने सांगितले. शासनाने चौकशी समितीही नेमली. दोषाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु ज्या रुग्णालयावर एवढ्या मोठ्या टापूचा भार पडतो, तेथे शिकविण्यास उसंत कोठून मिळणार, हा विचार त्या बातमीने कोणाच्याही मनात यावा.

सार्वजनिक रुग्णालयांत इंटर्नचा दिवस कसा जातो, हे सर्वश्रुत आहे. रक्त काढणे, नमुने प्रयोगशाळेत पोचविणे, कागद भरणे, अहवाल गोळा करणे. उरल्या वेळी पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट’ डोक्यावर टांगलेली असतेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी इंटर्नने लॉगबुक ठेवावे आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करावे, असे सांगितले आहे. नियम चांगला आहे. परंतु एकाच बैठकीत महिन्याभराच्या सह्या उरकल्या, तर ती वही शिक्षणाची न राहता हजेरीची होते.

शिक्षक होऊ पाहणाऱ्याचा पाठ चालू असता निरीक्षक मागच्या बाकावर बसलेला असतो. पाठ संपल्यावर तो चुका दाखवितो आणि मगच वहीवर शेरा लिहितो. गणिताचा एक तास फुकट गेला तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. तरीही आपण तेथे एवढी काळजी घेतो. मग जेथे चूक भरून काढता येत नाही, तेथे मागचा बाक रिकामा कसा चालेल?

यावर कोणी म्हणेल, हुशार माणूस आपला आपण शिकतो. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात तरुणपणी काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांजवळ रात्री जागवून नोंदी केल्या आणि त्या दंशावरील उपचारांचे त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’पर्यंत पोचले, हे खरे. परंतु असा पुरुष पिढीत एखादाच निपजतो. व्यवस्था उभारावयाची असते ती इतर सर्वांसाठी. इंग्लंडात पदवीनंतर दोन वर्षांचा पायाभूत शिक्षणक्रम असतो, आणि २०१२ पासून नवा डॉक्टर स्वतंत्र काम हाती घेण्यापूर्वी काही दिवस जुन्याच्या पाठोपाठ, वेतनासह, हिंडतो. आपल्याला तेवढा पैसा नसेल. पाठोपाठ हिंडविण्यास मात्र फारसा पैसा लागत नाही.

आमच्या सूचना साध्या आहेत. आठवड्यातून दोन तास असे ठरावेत की त्या वेळी कोणत्याही इंटर्नला कामासाठी हाक मारली जाणार नाही. त्या तासांना आठवड्यातील मृत्यू आणि थोडक्यात टळलेले अनर्थ यांची चर्चा, कोणालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करता, व्हावी. ज्याने काम प्रत्यक्ष पाहिले त्यानेच लॉगबुकवर सही करावी. रात्रपाळीत कोणत्या वरिष्ठाला उठवावयाचे, त्याचे नाव भिंतीवर लिहिलेले असावे; आणि उठविल्याबद्दल कोणाची कानउघाडणी होऊ नये. नमुने वाहण्यास पुरेसे कर्मचारी नेमावेत. इंटर्नना काही आठवडे कल्याण-डोंबिवलीच्या रुग्णालयांतही पाठवावे. रोगी पुढे केव्हा पाठवावा आणि सोबतच्या चिठ्ठीत काय लिहावे, हे जेथून रोगी निघतो तेथेच शिकता येते.

अंबरनाथच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तेथील पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास वॉर्डात उतरेल. इमारती, खाटा आणि यंत्रे यांच्या निविदा निघतातच. शिकविण्याच्या वेळेची निविदा मात्र निघत नाही. दोन्ही महापालिकांनी आणि शासनाने तो वेळ आजच राखून ठेवावा. उद्या अपरात्री आपल्यापैकी कोणाच्या तरी वडिलांना अपघात विभागात नेले जाईल, तेव्हा त्यांच्यापाशी पहिल्याने येणारा डॉक्टर बहुधा पंचविशीच्या आतला असेल. त्याला कोणी शिकविले होते की नाही, हे त्या घटकेस कळून उपयोग नाही.