पाऊस आणि खड्डा

माझ्या थोरल्या भावाची नात परवा तोंड फुगवून आमच्याकडे आली. आंतर-महाविद्यालयीन सायकल शर्यत होती, तीन महिने पहाटे उठून आरे कॉलनीच्या चढ-उतारांवर पोरीने पाय मोडून घेतले होते, आणि आदल्या रात्री मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला : 'पावसाच्या इशाऱ्यामुळे शर्यत रद्द.' सकाळी पाऊस पडला तो इतपतच, की बोरिवली स्टेशनवरच्या भाजीवालीने टोपलीवर प्लॅस्टिकसुद्धा ओढले नाही. घरातल्या मंडळींनी सुटकेचा नि:श्वास टाकला. तिने मला विचारले, "आजोबा, तुमच्या वेळी असं व्हायचं?"

नव्हते होत. पण ते सांगताना माझी छाती काही फुगली नाही. त्याचे कारण सांगतो.

साल १९७८. हस्त नक्षत्र लागलेले. मुलुंडच्या चेकनाक्यापासून घाटकोपरपर्यंत पूर्व द्रुतगती मार्गाने जायचे आणि परत यायचे, अशा दोन फेऱ्या. नाक्यावर तेव्हा जकातीसाठी ट्रकांची रांग असे. ती जकात २०१७ साली गेली, पण आमच्या पिढीच्या जिभेवरून 'नाका' जायचा नाही. रस्ता आमच्यासाठी बंद वगैरे काही नव्हता. एका कडेने आम्ही, दुसऱ्या कडेने ट्रक आणि एस.टी.

माझी सायकल म्हणजे वडिलांचीच दांड्यांच्या ब्रेकची जुनी सायकल. कॅरियर, स्टँड, मडगार्ड सगळे काढून ती 'रेसर' केलेली. मडगार्ड काढल्याचा पश्चात्ताप पहिल्या पाच मिनिटांत झाला. पुढच्याच्या मागच्या चाकातून उडालेले पाणी थेट तोंडात, आणि आपल्या चाकाचे आपल्याच पाठीवर. त्यातून रिम लोखंडी, निकेल केलेली. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर नुसते घसरते. ब्रेक दाबायचा, रिम पुसली जाईपर्यंत वाट बघायची, मग कुठे सायकलला आपले म्हणणे पटते. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

माझा मित्र आमच्या सगळ्यांत सरस होता. त्याच्याकडे पैसे साठवून घेतलेली खरी रेसिंग सायकल होती, आणि मनाशी हिशेबही होता : इथे पहिला आलो तर विद्यापीठाच्या संघात, तिथून खेळाडूंच्या जागेवर रेल्वेत नाहीतर बँकेत. घरी चार धाकटी भावंडे. त्याच्या दृष्टीने ही शर्यत म्हणजे नोकरीचा अर्जच होता.

कांजूरमार्गाजवळ एक मोठा खड्डा होता. पहिल्या फेरीत तो आम्हाला दिसला. मुलुंडला वळताना मित्राने ओरडून सांगितले, "कांजूरला माणूस उभा करा, खड्डा आहे!" ज्याला सांगितले तो स्वयंसेवक प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. खड्ड्यापाशी कोणी गेले नाही. दुसऱ्या फेरीला मिठागरांच्या बाजूने अशी सर आली, की डोळे उघडे ठेवणे कठीण. रस्ता आणि खड्डा एकाच पाण्याखाली गेले. मित्राला जागा पाठ होती. त्याने बरोबर बगल दिली, पण ती देताना चाक रस्त्यावरच्या रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर गेले. ओला रंग म्हणजे साबण. सायकल एकीकडे, तो दुसरीकडे.

मी तिथे पोचलो तेव्हा तो कडेला बसला होता, उजव्या हाताने डावा हात धरून. हासळीचे हाड मोडले होते, हे मागाहून कळले. आमची नजरानजर झाली. मी थांबलो नाही.

मी तिसरा आलो. ते प्रशस्तिपत्र मी पुढे बँकेच्या अर्जाला जोडले, आणि मुलाखतीत साहेबांनी त्यावरच पाच मिनिटे घालवल्यामुळे परकीय चलनाच्या प्रश्नांतून मी सुटलो. मित्राचा हंगाम गेला, संघ गेला. त्याने वडिलांचे दुकान सांभाळले, आणि चांगले सांभाळले. वीस वर्षांनी मी एकदाचा विषय काढला. तो म्हणाला, "अरे, मीही थांबलो नसतो." हे खरे की माझ्यासाठी म्हटलेले, ते मला आजतागायत ठरवता आलेले नाही.

म्हणून 'आमच्या वेळी' हा शब्द मी जपून वापरतो. पण म्हणून परवाच्या निरोपालाही मान डोलवत नाही. सायकलीच्या शर्यतीत पाऊस नवा नाही. १९८० साली बेल्जियममधल्या लिएज–बास्तोन–लिएज या शर्यतीत बर्फ पडले. १७४ जण निघाले, २१ पोचले. बर्नार इनो नऊ मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला आणि दोन बोटांची संवेदना कायमची अधू करून बसला. २०१३ साली मिलान–सान रेमो शर्यतीत बर्फामुळे खेळाडूंना मधला टप्पा बसमधून न्यावे लागले. पुढे जागतिक संघटनेने अशा हवामानासाठी नियम केले : खेळाडू, संघ, डॉक्टर, आयोजक यांनी एकत्र बसून ठरवायचे. कशाकशासाठी बसायचे त्याच्या यादीत गोठणारा पाऊस आहे, बर्फ आहे, जोराचा वारा आहे, न दिसणे आहे. नुसता पाऊस नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की पाऊस हा शर्यतीचा भाग आहे, खड्डा नाही. सर्वांवर सारखाच पडणाऱ्या पावसात सायकल कशी चालवावी, ब्रेक आधीपासून हलके दाबून रिम कशी पुसावी, टायरमधली हवा थोडी कमी कशी ठेवावी, हे विद्येचेच विषय आहेत. कोणाला तरी पहाटे साडेपाचला मार्गावरून एक चक्कर मारायला लावणे, खड्ड्यापाशी शिट्टी आणि लाल झेंडा देऊन माणूस उभा करणे, खरेच दिसेनासे झाले तर अर्ध्यावर थांबवण्याचा अधिकार मांडवातल्या पाहुण्याला नव्हे तर रस्त्यावरच्या माणसाला देणे, हे कष्टाचे काम आहे. रात्री दोन ओळी टाइप करणे सोपे. बँकेत आम्ही हेच बघत आलो : कर्ज नाकारायला एक सही पुरते, तपासून द्यायचे तर शेतावर जावे लागते. (शेतावर न जाता कर्जे देणारेही होते, ते आमच्या १९७८ च्या आयोजकांचे भाऊबंद.) २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसले काही दिसत असेल तर अवश्य रद्द करा, मी स्वतः दाराला कडी लावीन. पण त्या धसक्यात प्रत्येक भुरभुरीला दार लावून बसायचे काय?

पोरीला हे सगळे सांगितले. न थांबल्याचेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी थांबले असते की नाही, मला माहीत नाही."

शर्यतीची नवी तारीख आली आहे. पाऊस अजून गेलेला नाही. काल रात्री मित्राला फोन केला आणि म्हटले, तिला काही सांगायचे असेल तर सांग. दुकान बंद करण्याची वेळ होती, शटर ओढल्याचा आवाज ऐकू आला.

"पांढऱ्या पट्ट्यावर वळू नको म्हणावं," तो म्हणाला. "आणि मडगार्ड?"

"आता नसतातच," मी म्हटले.

"मग पुढच्याच्या थेट मागे राहू नको म्हणावं. थोडं बाजूने."