आधी हिरडी, मग दाढ

दंतवैद्यक हा माझा प्रांत नव्हे, हे प्रारंभीच कबूल करतो. परंतु कडोदऱ्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना 'दाढ भरली होती, चार महिन्यांत सिमेंट निघालं' ही तक्रार इतक्या वेळा कानी आली, की गप्प राहवत नाही. खानदेशातून येऊन येथील मिलमध्ये राबणाऱ्या एका मातेने मला विचारले, "साहेब, सिमेंटच हलकं होतं का?" सिमेंट हलके नसावे. भरताना दाढ ओली होती, असा माझा कयास आहे, कारण त्या सहा वर्षांच्या मुलाची हिरडी नुसत्या स्पर्शाने रक्ताळत होती.

दोन दाढांमधील कीड बहुधा हिरडीच्या काठापर्यंत उतरते. पूर्वीची पाऱ्याची चांदी थोडीफार ओल खपवून घेई. पण मिनामाता कराराच्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार, अगदी आवश्यक असल्याखेरीज, पंधरा वर्षांखालील मुलांत ती वापरावयाची नाही. कंपोझिटची पकड आम्लाने खरबरीत केलेल्या एनॅमलवर असते. त्या सूक्ष्म खाचांत लाळ वा रक्त शिरले, की पकड संपली. ग्लास आयोनोमर अधिक सोशीक खरे, तरी घट्ट होईपर्यंत त्यालाही ओलीपासून जपावे लागते.

दात कोरडा ठेवणारा रबर डॅम न्यूयॉर्कच्या डॉ. बार्नम यांनी १८६४ साली वापरात आणला. तो पाहून पालकांना वाटते, मूल गुदमरेल. नाक मोकळे असेल तर गुदमरत नाही. सर्दीने चोंदले असेल तर चार दिवस थांबावे, आणि हे सांगणे आम्हा बालरोगतज्ज्ञांचे काम आहे. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा दोरा हिरडीत सरकवून रक्त थांबवता येते, पण तेवढ्यापुरतेच. सूज तशीच राहते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की हिरडी रक्ताळत असेल तर त्या दिवशी पक्के भरण करू नये. खळग्यात तात्पुरते सिमेंट घालावे आणि आईच्या हाती ब्रश द्यावा. १९६५ साली डेन्मार्कमध्ये लो व सहकाऱ्यांनी दाखविले, की दात घासणे थांबवल्याने सुजलेल्या हिरड्या घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत होतात. नीट घासूनही रक्त थांबत नसेल, अंगावर निळे डाग असतील, तर मूल आमच्याकडे पाठवा. प्लेटलेट, हिमोफिलिया, क्वचित ल्युकेमियाही पाहावा लागतो.

'दुधाचे दात, पडायचेच' असे मीही वर्षानुवर्षे सांगत आलो. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते, याचा विचार केला नाही.

अडचण वेगळीच आहे. दुसरी भेट म्हणजे त्या आईचा एक खाडा, एका दिवसाची मजुरी. ती 'आजच भरून द्या' म्हणते, आणि आपण नकार देत नाही. आपल्या दंतवैद्य मित्रांनी अशा दुसऱ्या भेटींसाठी सुट्टीच्या सकाळचा एक तास राखून ठेवावा. माझा दवाखानाही तेव्हा उघडा ठेवीन. चोंदलेली नाके मी पाहतो.