रोग्यास घरीं पाठवितांना

रोग्यास रुग्णालयांत दाखल करतांना केवढी धांदल उडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्यास घरीं सोडतांना, ज्यास सर्वत्र 'डिस्चार्ज' म्हणतात, त्या वेळीं काय होतें याचा विचार क्वचितच होतो. सकाळीं डॉक्टर 'आज जाण्यास हरकत नाहीं' असें सांगून जातात. मग बिलाची आकडेमोड व विमा कंपनीचा होकार यांत दिवस मावळतो. आणि अखेरीस एक इंग्रजी कागद व औषधांची पिशवी, जो नातेवाईक समोर असेल त्याच्या हातीं पडतात.

पैशाच्या व वेळेच्या बाबतींत कांहीं सुधारणा झाली आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ सालच्या रुग्णहक्कांच्या सनदेंत, बिलाच्या तंट्यापायीं रोग्यास अडकवून ठेवतां येत नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. विमा नियामकानें २०२४ सालीं असें ठरविलें कीं, रुग्णालयाची मागणी येतांच कंपनीनें तीन तासांच्या आंत अखेरची मंजुरी द्यावी, आणि उशिरामुळें रुग्णालयानें अधिक आकार लावल्यास तो कंपनीनेंच सोसावा. हें योग्यच झालें. परंतु यामुळें दार लौकर उघडेल एवढेंच. दाराबाहेर रोग्याचें काय, हा मुख्य प्रश्न राहतोच.

मधुमेहाच्या रोग्याचें उदाहरण घ्या. रुग्णालयांत त्यास परिचारिका इन्सुलिन टोंचीत असे. घरीं तें किती घ्यावयाचें, जेवण चुकल्यास काय करावयाचें, दरदरून घाम सुटून हातपाय कांपूं लागले तर साखर उतरली असें समजून तत्काळ गोड द्यावयाचें, हें घरच्या माणसास कोणी सांगितलें नसेल, तर प्रसंग जिवावर बेतावयास किती उशीर? दुसऱ्या एखाद्या घरीं रक्तदाबाची जुनी गोळी चालूच राहते, आणि नव्या नांवाखालीं तेंच औषध पुन्हां पोटांत जातें.

डॉक्टरांस इतका वेळ कोठून असणार, असें कोणी म्हणतील. आमचें उत्तर असें कीं, हें काम दाखल केल्या दिवसापासून थोडें थोडें व्हावें, व तें शिकलेली परिचारिकाही उत्तम करील. व्यापारी माल रवाना करतांना बीजक जोडतो, नग मोजून देतो व पोंच घेतो. जित्या माणसाच्या बाबतींत एवढीही दक्षता नसावी काय? औषध कोणतें, किती व केव्हां. जुन्यांपैकीं कोणतें बंद. कोणतीं लक्षणें दिसल्यास धोका समजावा. पुन्हां केव्हां यावें व अडचणींत कोणास विचारावें, एवढें रोग्याच्या भाषेंत एका कागदावर लिहून द्यावें, आणि शुश्रूषा करणाऱ्याकडून तें तोंडीं वदवून घ्यावें. हीच त्याची पोंच. समजेल अशा भाषेंत माहिती मिळणें हा रोग्याचा हक्क आहे, असें उपर्युक्त सनदच सांगते.

आमच्या वाचकांपैकीं जे धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त असतील, त्यांनीं पुढील सभेंत हा विषय अवश्य काढावा. इमारतीवर नवा मजला चढविण्यापेक्षां यास खर्च फारच थोडा लागेल, आणि बरा होऊन गेलेला रोगी आठ दिवसांत पुन्हां त्याच खाटेवर येण्याचें पुष्कळ अंशीं टळेल.